स्विंडनचा भोंगा

आमच्या कचेरीत जुन्या जन्मनोंदींच्या नकला मागायला येणाऱ्यांच्या तोंडी बरीच वर्षे एका गावाचे नाव हमखास असायचे : स्विंडन. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येते. त्या पासपोर्टवर २०२० अखेरपर्यंत इंग्लंडात कामाला जाऊन राहता येत होते. नकला लिहिता लिहिता मला कुतूहल वाटू लागले, की हे स्विंडन आहे तरी कसे? मी तिथे गेलेलो नाही. पण जमेल तेवढे वाचून काढले.

टेकडीवर जुने बाजाराचे गाव आणि खाली रेल्वेने वसवलेले नवे गाव, अशी मूळची दोन गावे. १९०० साली ती एक झाली. खाली ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा कारखाना १८४३ मध्ये सुरू झाला. कामगारांसाठी कंपनीने दगडी घरांच्या ओळी बांधल्या आणि गल्ल्यांना नावे दिली ती आपल्याच मार्गावरच्या गावांची : ब्रिस्टल, बाथ, एक्झिटर, टॉन्टन, रीडिंग, ऑक्सफर्ड. म्हणजे तिथले पोर घरून दुकानात निघाले की चार पावलांत रेल्वेचे अर्धे वेळापत्रक पालथे घालायचे!

तिथे वाढलेल्यांच्या आठवणीत सगळ्यात आधी येतो तो कारखान्याचा भोंगा. घरात घड्याळ असो-नसो, गाव त्यावर उठायचे. जवळच्या लॉर्ड बोलिंगब्रोकने झोपमोड होते म्हणून सरकारदरबारी तक्रार केली, पण भोंगा टिकला. (उमरावाची झोप आणि मजुराची हजेरी यांत हजेरी जिंकल्याची उदाहरणे इतिहासात फार नाहीत.) मुलांची दुसरी आठवण ‘ट्रिप’ची. जुलैत कारखाना बंद व्हायचा आणि कामगार कुटुंबांना फुकट गाड्यांनी समुद्रावर नेले जायचे. विसाव्या शतकाच्या आरंभी वीस-पंचवीस हजार माणसे अशी जात, आणि मागे रस्ते ओस पडत. मुलांना वाळू आठवते. आयांना मात्र वेगळे आठवत असणार, कारण ती सुट्टी बिनपगारी होती. परतल्यावर घर चालायचे ते उधारीवर. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या पसऱ्यात जशी वही असते, तशी तिथल्या दुकानदाराकडेही असायची. सहकारी दुकानात मात्र रोख द्यावी लागे. खरेदीच्या प्रमाणात लाभांश मिळे, म्हणून मूल सामान आणायला गेले की आईचा सभासद क्रमांक सांगायचे. इंग्लंडभर अशी म्हातारी माणसे भेटतात, ज्यांना स्वतःचा फोन नंबर आठवत नाही, पण आईचा तो आकडा पाठ असतो. हिशेबही सोपा नव्हता. बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगचा पौंड ही पद्धत १५ फेब्रुवारी १९७१ ला गेली. आपल्याकडचे आणे-पै १९५७ लाच गेले होते.

या कारखान्यातला एक माणूस मला विशेष आवडला. आल्फ्रेड विल्यम्स. साउथ मार्स्टन खेड्यात १८७७ साली जन्मला, रोज काही मैल चालत कामावर यायचा आणि यांत्रिक घणावर राबायचा. यंत्रावर खडूने ग्रीक अक्षरे लिहून तो ग्रीक शिकला. महायुद्धात सैनिक म्हणून हिंदुस्थानात आला, आणि पुढे संस्कृतही शिकला! पंचतंत्रातल्या कथांचे त्याने केलेले भाषांतर १९३० साली छापून आले. त्याच वर्षी तो वारला. पदवीला संस्कृत घेऊन ते विसरलेल्या आमच्यासारख्यांनी मान खाली घालावी, दुसरे काय.

भोंगा शेवटचा वाजला तो मार्च १९८६ मध्ये, कारखाना बंद झाला त्या दिवशी. १९९७ पासून त्याच इमारतींत कपड्यांची, बुटांची दुकाने आहेत. विल्यम्सच्या साउथ मार्स्टनला होंडाचा मोटारींचा कारखाना आला आणि २०२१ मध्ये तोही बंद झाला. जुन्या स्विंडनकरांची तक्रार असते की ओळखीचे एकही दुकान उरले नाही. खरे आहे. पण आता तिथे वाढणाऱ्या गोंयकारांच्या पोरांना याच बदललेल्या रस्त्यांच्या आठवणी राहणार. त्यांचे तेच गाव.

आमच्या शेजारणीचा नातू तिथेच जन्मलेला. गेल्या सुट्टीत तो आला होता. पहाटे पदेराचा पोंपों ऐकून दचकून उठला आणि हा कसला आवाज म्हणून विचारू लागला. आजीने त्याच्या हातात पैसे दिले आणि पाव आणायला दारात पिटाळले.