त्रिस्थळीच्या वाटेवरची गावे

प्रयाग, काशी आणि गया या तीन क्षेत्रांची यात्रा एकत्रच करावयाची, या परंपरेला मूळच्या पैठणच्या घराण्यातील नारायणभट्टांनी सोळाव्या शतकात ‘त्रिस्थलीसेतु’ रचून शास्त्राधार दिला. परंतु तिने मधल्या मुलखाचे जे कल्याण केले, त्याचा माग धर्मग्रंथांपेक्षा बाजारपेठांतच काढावा लागतो. दक्षिणेतून महिनोन् महिने चालत आलेला यात्रेकरू एकाच क्षेत्रावरून माघारी फिरता, तर लाभ त्या क्षेत्रापुरताच राहता. पण काशीहून गयेस जाताना त्याला सासारामसारख्या कसब्यांत मुक्कामाची जागा, शिधा, बैलांना वैरण आणि नद्यांवर नावाडी लागत. पाटण्याकडून येणारा तर गयेपूर्वीच पुनपुनेच्या तीरी पहिले पिंड ठेवी, आणि त्या लहानशा घाटावरही पीठ, तीळ व दक्षिणा यांचा व्यवहार चाले.

मला सर्वांत मोलाची वाटते ती गयेजवळच्या पत्थरकट्टी गावाची हकीकत. अहिल्याबाई होळकरांनी विष्णुपदाचे मंदिर बांधविले, तेव्हा जयपूरकडून आणविलेले पाथरवट तेथे वसले, असे परंपरा सांगते. मंदिर पुरे झाल्यावरही त्यांच्या वंशजांची छिन्नी थांबली नाही, कारण काळ्या पाषाणाच्या मूर्ती आणि खल घेणारा यात्रेकरू दर पितृपक्षात येतच राहिला.

कंपनी सरकारने प्रयागेस व गयेस यात्राकर १८४० पर्यंत वसूल केला. तो पैसा सरकारी खजिन्यात जाई. नावाडी, वाणी आणि पाथरवट यांच्या हाती पडलेला पैसा मात्र बहुतांशी त्याच परगण्यात खर्ची पडे.