लुटुपुटूची लढाई आणि नवा गडी

(निमगाव सावा, ता. जुन्नर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



विषय ऐकून ज्येष्ठांपैकी काहींच्या भुवया वर गेल्या असतील. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस संगणकावरच्या लढाईच्या खेळावर काय बोलणार? पण इथल्या तरुणांनी विषय सुचवला आणि मला तो आवडला. आधी खेळ कसा असतो ते सांगतो, म्हणजे मागे बसलेल्या मंडळींना अंधारात चाचपडायला नको.

दहा-बारा जण आपापल्या घरी बसलेले असतात. कुणी इथे, कुणी पिंपरीत, कुणी आखातात नोकरीला. कानाला हेडफोन. सगळ्यांची मिळून एक तुकडी, तिचा एक नायक. कामगिरी ठरलेली: पूल ताब्यात घ्या, अडकलेल्यांना सोडवून आणा. शत्रूची बाजू यंत्र चालवतं, म्हणजे माणसं सगळी एकाच बाजूला. दोन तासांपैकी दीड तास चालण्यात, दबा धरण्यात आणि एकमेकांना हळू आवाजात माहिती देण्यात जातो. गोळीबार थोडा. याला मिलिटरी सिम्युलेशन म्हणतात. आपल्याकडे याला फार जुना शब्द आहे, लुटुपुटूची लढाई.

अशी मंडळं जमतात आणि मोडतात. मोडतात ती यंत्रं जुनी झाली म्हणून क्वचितच. नवा मुलगा पहिल्या रात्री येतो, चुकून आपल्याच माणसावर गोळी झाडतो, चौघांच्या शिव्या खातो आणि परत येत नाही. असे दहा गेले की उरलेले पाच-सहा जुने एकमेकांना कंटाळतात. तेव्हा आजचा माझा प्रश्न असा: खोट्या लढाईत नव्या माणसाला कसं घ्यायचं, हे आपल्या आधीच्या लोकांनी कसं सोडवलं?

सुरुवात घरातून करू. आपल्याकडे दिवाळीत पोरं किल्ला करतात. शिवनेरी डोळ्यासमोर असलेल्या तालुक्यात ते वेगळं सांगायला नको. दगड, विटा, पोती, वर चिखलाचं लिंपण, हळीव किंवा मोहरी पेरून उगवलेलं गवत, सिंहासनावर महाराज, दरवाजात मावळे. आता एक गोष्ट बारकाईने पाहा. त्या किल्ल्यावर शत्रू जवळजवळ कधीच नसतो. गवळण असते, शेतकरी असतो, गुहेत वाघ असतो, खाली विहीर असते. मोगलांची फौज बाजारातून विकत आणून कुणी पायथ्याला मांडत नाही. म्हणजे ही लष्करी प्रतिकृती आहे, पण तिचा सगळा आनंद मिळून उभारण्यात आहे. कुणी माती आणतो, कुणी चाळतो, बुरूज ज्याला जमतात तो बुरूज करतो, आणि सर्वांत धाकटं पोर पाणी शिंपडतं. त्याच्या पाण्याने कोपरा ढासळतो, तरी त्याला हाकलत नाहीत.

या धाकट्या पोराला मराठीत पद आहे. कच्चं लिंबू! कुणी लिंबूटिंबू म्हणतात. लपंडाव असो, पकडापकडी असो, कच्च्या लिंबावर राज्य येत नाही. ते बाद झालं तरी बाद नाही. पण ते खेळात आहे, बाहेर बसून बघत नाही. मला ही फार मोठी सामाजिक युक्ती वाटते. नियम न मोडता नियमात जागा केली. मोठ्यांचा डाव पोरकट होत नाही आणि छोट्याला डावाचं वळण लागतं. आणि कच्चं लिंबू ही अवस्था कायमची नसते. एक दिवस कुणीतरी म्हणतं, आता याच्यावर राज्य आलं पाहिजे. त्या दिवशी पोराला जो अभिमान वाटतो तो आठवून बघा.

दुसरी संस्था तालमीची. १८१८ साली पेशवाई गेली, शिलेदारी संपली, पण तालमी राहिल्या. दांडपट्टा, लाठी, कुस्ती हे आता प्रत्यक्ष लढाईपासून सुटलेलं शिक्षण झालं. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम होती. लहुजींचा जन्म १७९४चा, निधन १८८१चं. मांग समाजातला हा वस्ताद. जोतीराव फुल्यांनी दांडपट्टा आणि नेमबाजी त्यांच्याकडे शिकल्याचं स्वतः लिहून ठेवलं आहे. त्या काळचं पुणं डोळ्यासमोर आणा. ज्या माणसाची सावलीही लोक टाळत, तो मातीत उभा राहिला की वस्ताद होता आणि शिकायला आलेला त्याच्या पाया पडत होता. बाहेरची उतरंड आखाड्यात उलटी झाली. तालमी सगळ्याच अशा होत्या असं मी म्हणणार नाही. पुष्कळ तालमी जातीच्या आणि पेठेच्या होत्या, नव्या पोराला चोप देऊन पळवणाऱ्याही होत्या. पण खेळाच्या आवारात कोण वरचा हे नव्याने ठरू शकतं, आणि ते ठरवण्याची ताकद दार उघडणाऱ्याकडे असते, हे लहुजींच्या तालमीने दाखवलं.

तालमीतलं आणखी एक शहाणपण म्हणजे जोड. नव्या पोराला पहिल्या दिवशी पैलवानासमोर उभं करत नाहीत. आधी हौद्यातली माती उकरायला लावतात. वरवर हे हलकं काम. पण त्या निमित्ताने पोर सगळ्यांच्या मधे वावरतं, नावं कळतात, माती हाताला लागते. मग वस्ताद त्याच्या वजनाची, त्याच्या बेताची जोड लावतो. आणि मोठा पैलवान लहानाशी जोर करतो तेव्हा तो आपली पूर्ण ताकद लावत नाही. त्याला कुणी खोटारडा म्हणत नाही.

आता हुतुतूकडे येऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे. एक गडी श्वास कोंडून शत्रूच्या मुलखात शिरतो, कुणाला तरी शिवून परत येतो, आणि मागे त्याचे सोबती वाट पाहतात. ही छाप्याचीच लुटुपुटू आहे. गावोगाव नियम वेगळे होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या क्रीडासंस्थांनी ते एकत्र आणायला घेतले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्यात पुढाकार घेतला, आणि १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियम छापले. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तो खेळ तिथे करून दाखवला.

नियम एकत्र करताना मूळ वाद कसला असतो? पटांगण किती लांब, गडी किती, हे किरकोळ. खरा प्रश्न असा की मेलेल्या गड्याचं काय करायचं? आपल्याकडे त्याची तीन उत्तरं होती. संजीवनीत आपल्या बाजूने शत्रूचा एक मारला की आपला एक मेलेला जिवंत होऊन आत येतो. गामिनीत मेला तो मेला, सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसायचं. अमरमध्ये बाद झालेला बाहेर जातच नाही, नुसता गुण मोजतात. ही नावं ज्याने ठेवली त्याला माझा नमस्कार, कारण यात मृत्यूविषयीचे तीन सिद्धांतच आले आहेत.

आता विचार करा, सर्वांत आधी कोण मरतो? नवा. ज्याला अजून पाऊल कळलेलं नाही तो. म्हणजे मेलेल्याविषयीचा नियम हा खरं तर नव्या माणसाविषयीचा नियम असतो. गामिनीत नवशिका पहिल्या मिनिटाला बाहेर जातो आणि सबंध डाव धुळीत बसून बघतो. खेळणं शिकायला आला आणि बसणं शिकला. आजच्या कबड्डीने संजीवनी घेतली, आणि तिच्यात आणखी एक खुबी आहे. जिवंत होणं सोबत्यांच्या हातात असतं. मी बाहेर बसलोय, पण आत लढणारा माझ्यासाठी लढतोय. या संगणकाच्या खेळातही नेमका हाच वाद आहे. काही मंडळं एकदा मेला की दोन तास गप्प बसवतात, कारण त्याने जिवाची किंमत कळते. त्यांचं म्हणणं खोटं नाही. परत लगेच उठता येत असेल तर कुणी दबकत चालणारच नाही. पण पहिल्या महिन्यातल्या माणसाला गामिनी लावली तर दुसरा महिना येत नाही.

बाहेरचं जग थोडक्यात पाहू. लष्करी खेळाचा आधुनिक जन्म प्रशियातला. राइसविट्झ नावाच्या गृहस्थाने १८१२ साली राजाला लढाईचं मेज करून दाखवलं आणि त्याच्या मुलाने, जो तोफखान्यात अधिकारी होता, १८२४ साली त्याचे नियम छापले. नकाशा, ठोकळे, फासे आणि मधे पंच. खेळाडूला फक्त त्याच्या सैन्याला दिसेल तेवढंच पंच सांगणार. लष्कराने खेळ उचलला, पण तरुण राइसविट्झने १८२७ साली आत्महत्या केली. त्याच प्रशियात १७९५ साली कांटने चिरंतन शांतीवरचा निबंध लिहिला होता. नाव त्याने एका खानावळीच्या पाटीवरून घेतलं, जिच्यावर स्मशानाचं चित्र होतं. म्हातारा विनोदी होता. त्यात तो आतिथ्याबद्दल एक गोष्ट सांगतो: परक्या भूमीवर आलेल्याला केवळ परका म्हणून शत्रूसारखं वागवू नये, हा त्याचा हक्क आहे, यजमानाची मेहेरबानी नाही. माझ्या मते मंडळाच्या दारावर लावायला याहून बरी पाटी नाही.

आणि लिव्हरपूल. १९४२ साली जर्मन पाणबुड्या इंग्लंडची जहाजं बुडवत होत्या. क्षयामुळे निवृत्त झालेल्या गिल्बर्ट रॉबर्ट्स या नौदल अधिकाऱ्याने एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर जमिनीवरच समुद्र आखला. खडूने रेघा, छोटी लाकडी जहाजं, कापडी पडदे. नौदलाच्या महिला विभागातल्या तरुणी, काही तर जेमतेम विशीच्या, खेळ चालवत. शिकायला येत ते समुद्रात केस पांढरे झालेले कप्तान. पडद्याच्या फटीतून त्यांना थोडंच दिसे, आणि हिरव्या खडूने काढलेली पाणबुडीची वाट त्या अंतरावरून दिसतच नसे. जॅनेट ओकेल या मुलीने पाणबुडीची चाल खेळणाऱ्या अॅडमिरल मॅक्स हॉर्टन यांना तिथे हरवलं. सुमारे पाच हजार अधिकारी त्या खोलीतून शिकून गेले. लाकडी जहाज बुडालं की अधिकारी पडद्याबाहेर येऊन रेघा बघायचा, कुठे वळायला हवं होतं ते समजून घ्यायचा. इथे नवखे कप्तान होते, जाणत्या मुली. पोरीचा आवाज ऐकू आला की थट्टा सुरू करणाऱ्या मंडळांनी ही हकीकत नीट ऐकावी.

तुम्ही खेळता त्या जातीचे खेळ प्रागच्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या कंपनीपासून सुरू झाले म्हटलं तरी चालेल. २००१ साली त्यांचा ऑपरेशन फ्लॅशपॉइंट आला, पुढे आर्मा, २००९ला आर्मा २, २०१३ला आर्मा ३. त्यांनी खेळणाऱ्यांच्या हाती कामगिऱ्या रचण्याची हत्यारं दिली, म्हणून मंडळं उभी राहिली. खेळातलं बेट खऱ्या ग्रीक बेटावरून घेतलेलं. त्या बेटावर गेलेल्या कंपनीच्या दोघांना २०१२ साली हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली आणि चार महिन्यांहून अधिक काळ ते तुरुंगात राहिले. लुटुपुटू आणि खऱ्याची हद्द किती पातळ आहे पाहा.

गंमत पुढे आहे. याच आर्मा २ मधे फेरफार करत ब्रेंडन ग्रीन या आयरिश माणसाने एक प्रकार काढला आणि त्यातूनच २०१७ साली पबजी आला. ते नाव इथे आजीलाही ठाऊक आहे. (हशा) शंभर जण उतरतात, शेवटी एक उरतो. २ सप्टेंबर २०२०ला सरकारने ११८ अॅपवर बंदी घातली त्यात मोबाइलवरचा पबजी गेला, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या नावाने परतला. म्हणजे मिळून खेळण्याच्या खोडातून सर्वांनी सर्वांना मारण्याची फांदी फुटली, आणि गावोगाव पोचली ती फांदी. आपली बरीच पोरं तिथली सवय घेऊन इकडे येतात. समोर हलणारा तो शत्रू, आणि चुकलेला सोबती म्हणजे ओझं. ही सवय सोडवायला वेळ लागतो, शिव्यांनी ती सुटत नाही.

मग चालवायचं कसं? मला विचारलंत तर गोळी खोटी असली तरी अपमान खरा असतो, इथून सुरुवात करा. नव्याला आधी हौद्यातली माती द्या: नकाशा वाचणं, निरोप पोचवणं, जखमीला ओढून आणणं. त्याच्या शेजारी एक जाणता जोड म्हणून द्या, आणि तो जाणता सर्वांत पटाईत नसून सर्वांत शांत असावा. चूक सगळ्यांच्या कानावर नको, डाव संपल्यावर सांगा, आणि तेव्हा नायकाने आपली चूक आधी सांगावी. बोलीची टिंगल बंद. जुन्नरच्या पूर्वेकडचा हेल आणि पुण्याच्या पेठेतला हेल, दोन्ही निरोप सारखेच पोचवतात. आडनाव विचारू नका. आणि मंडळाला दार असावं, तसं ते बंदही करता आलं पाहिजे. जो पोरींना किंवा नव्यांना छळतो, त्याला दोनदा सांगून तिसऱ्यांदा बाहेर काढा, मग तो कितीही नेमबाज असो. योहान हाउझिंगा या डच विचारवंताने १९३८ साली म्हटलं आहे की रडीचा डाव खेळणारा निदान खेळ मानतो तरी, खेळ मोडणारा तेवढंही मानत नाही. छळणारा हा मोडणारा.

इथल्यापुरतं एक वेगळं. शेतीला वीज कधी दिवसा, कधी रात्री. ऐन कामगिरीत कुणाला तरी मोटर चालू करायला उठावं लागतं, उसाच्या कडेने, बिबट्याची धास्ती घेऊन, हातात बॅटरी आणि काठी. तो गडी मेला असं धरू नका. त्याची जागा राखा, त्याचं सामान दुसऱ्याने उचलावं. आणि तो परत येऊन हेडफोन लावेल तेव्हा आधी पुलाची खबर देऊ नका, पाणी चालू झालं का ते विचारा.