ज्येष्ठांची सामूहिक वनभ्रमंती (बुलढाणा जिल्हा)

ज्येष्ठांची सामूहिक वनभ्रमंती म्हणजे साठीपुढील व्यक्तींनी गटाने डोंगराळ वनातून केलेली, ठरावीक अंतराची संथ पायी फेरी. गिर्यारोहणाप्रमाणे शिखर गाठणे हे तिचे उद्दिष्ट नसते. चालणे, निसर्गनिरीक्षण आणि सहवास यांना तीत प्राधान्य असते.

भूप्रदेश

बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण व मध्य भागात अजिंठ्याची डोंगररांग, तर उत्तर सीमेवर सातपुडा आहे. दोहोंमध्ये पूर्णा नदीचे सपाट खोरे पसरले आहे. अजिंठा रांगेत बुलढाणा-खामगाव मार्गावर सुमारे २०५ चौ. कि.मी. क्षेत्राचे ज्ञानगंगा अभयारण्य आहे. सातपुड्यात संग्रामपूर तालुक्यात अंबाबरवा अभयारण्य असून ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. लोणार सरोवराभोवतीचे वन हेही अभयारण्य असून २०२० मध्ये सरोवरास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. येथील वने शुष्क पानझडी असून साग, सालई, धावडा, अंजन, पळस, तेंदू ही त्यांतील प्रमुख झाडे होत.

ऋतुमान

पावसाळ्याच्या अखेरीपासून हिवाळ्यापर्यंतचा काळ भ्रमंतीस अनुकूल असतो. फाल्गुनापासून पानगळीमुळे सावली विरळ होते आणि उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. उतारावरील मुरमावर वाळकी पाने साचल्यास पाय घसरतो.

आरोग्यविषयक बाजू

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव करावा. असमान वाटेवरील चालीने तोलाचा सराव होतो. मात्र पडण्याचा धोकाही तेथेच अधिक असतो. चढणीत हृदयावर, तर उतरणीत गुडघ्यांवर ताण येतो. वाढत्या वयात तहानेची जाणीव मंदावते आणि रक्तदाबाच्या काही औषधांनी शरीरातील पाणी कमी होते. त्यामुळे तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पिणे आवश्यक ठरते.

गटाची रीत

गटाचा वेग सर्वांत संथ सदस्यावरून ठरवला जातो. पुढे वाट माहीत असलेली व शेवटी एक अनुभवी व्यक्ती चालते. शेवटच्या व्यक्तीच्या मागे कोणी राहत नाही. परतण्याची वेळ आधीच निश्चित केली जाते. पुढे गेलेल्यांनी थांबून वाट पाहावी आणि मागचे पोहोचताच लगेच न निघता त्यांनाही विसावा द्यावा, अन्यथा सर्वांत थकलेल्यासच विश्रांती मिळत नाही. काठी, टाचेला घट्ट बसणारे बूट, नेहमीची औषधे आणि आजारांची चिठ्ठी प्रत्येकाजवळ असावी.

वन्यजीव व सुरक्षितता

ज्ञानगंगा परिसरात अस्वल, बिबट्या, नीलगाय, चिंकारा आदी प्राणी आढळतात. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक नर वाघ सुमारे १,३०० कि.मी. भटकत २०१९ मध्ये येथे पोहोचला होता. अस्वलाची दृष्टी अधू असल्याने अचानक जवळ आलेल्या माणसावर ते हल्ला करते. पहाटे व संध्याकाळी, विशेषतः मोहफुलांच्या हंगामात, झाडीतून चालणे टाळावे. आग्या मोहोळांजवळ धूर वा उग्र सुगंधी द्रव्ये वापरू नयेत, कारण ज्येष्ठांना वेगाने दूर पळता येत नाही. सर्पदंश झाल्यास दंशाच्या जागी कापणे वा घट्ट आवळून बांधणे टाळून रुग्णास न चालवता रुग्णालयात न्यावे.

कायदेशीर तरतुदी

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात प्रवेशासाठी परवानगी लागते. वाघ व अस्वलांच्या क्षेत्रात पायी फिरण्यावर निर्बंध असतात. म्हणून फेरी आखण्यापूर्वी वनविभागाकडून अनुमत मार्गांची माहिती घेणे आवश्यक असते.