हलवा, जिताडा आणि बर्लिनचा डॉक्टर

वाचकहो, कोकणच्या किनाऱ्यावर हलवा आणि जिताडा ठाऊक नसलेला माणूस सापडणे कठीण. परंतु या दोन्ही माशांची शास्त्रीय नावे प्रथम ज्या ग्रंथात छापली गेली तो दूर बर्लिन शहरी निघाला, आणि त्याच्या कर्त्याला वयाच्या 19 व्या वर्षी आपल्या देशाची भाषादेखील वाचता येत नव्हती, हे ऐकून आपणांस नवल वाटेल.

त्याचे नाव मार्कुस एलिझर ब्लॉख. 1723 साली जर्मनीतील आन्सबाख येथे एका गरीब यहुदी घरात तो जन्मला. लहानपणी हिब्रू आणि धर्मग्रंथ एवढेच काय ते शिक्षण झाले. जर्मन नाही, लॅटिन तर नाहीच. पुढे हॅम्बुर्गमध्ये एका यहुदी शल्यवैद्याच्या घरी शिकवणीचे काम मिळाले. शिकवता शिकवता तो स्वतःच शिकला. दोन्ही भाषा आत्मसात केल्या, शरीरशास्त्राची गोडी लागली, वैद्यकाची पदवी मिळाली आणि बर्लिनमध्ये त्याचा जम बसला.

1782 साली त्याच्या मत्स्यग्रंथाचा पहिला भाग निघाला तेव्हा तो 59 वर्षांचा होता. 1795 पर्यंत एकूण 12 भाग झाले. 3 जर्मनीतील माशांचे, 9 परदेशी माशांचे. चित्रे 432. आरंभीचा खर्च त्याने पदरचा केला. पुढे खर्च झेपेना, तेव्हा आश्रयदाते पुढे आले आणि त्यांची नावे चित्रांच्या तळाशी छापली गेली.

ही चित्रे कशी होत, तेही पाहण्यासारखे आहे. कारागीर तांब्याच्या पत्र्यावर माशाचा खवला न् खवला कोरी. पत्र्यावर शाई भरून ती पुसली की शाई फक्त कोरीव रेघांत उरे, आणि दाबयंत्राखाली ओलसर कागदावर काळी आकृती उमटे. रंग मात्र यंत्र देत नसे. समोर नमुना ठेवून एकेक कागद कुंचल्याने रंगवावा लागे. म्हणजे ग्रंथाच्या एका प्रतीसाठी 432 वेळा हे काम! खवल्यांची चमक दाखविण्यासाठी कोठे कोठे चांदीही लावीत. काळाने ती चांदी अनेक प्रतींत काळवंडली आहे. आश्रयदात्यांची नावे आपण आजही वाचू शकतो. कुंचला धरणाऱ्या बहुतेक हातांची नावे कोठेच नाहीत.

मासे कोठून येत? त्यांतले काही आपल्याच देशातून. तामिळ किनाऱ्यावरील तरंगमबाडी येथे तेव्हा डेन्मार्कची वसाहत होती. तेथील पाद्री ख्रिस्टोफ सामुएल जॉन याने ब्लॉखला मासे पाठविले. त्याची आठवण म्हणून ब्लॉखने 1793 साली एका गटास ‘जॉनियस’ हे नाव दिले. आपला ढोमा याच गटातला. हलव्याचे नामकरण 1795 चे, जिताड्याचे 1790 चे.

ग्रंथात चुकाही आहेत. मद्यार्कात ठेवलेल्या माशाचा रंग उडतो. मग जिवंत मासा न पाहिलेल्या चित्रकाराने रंग द्यावा कशाच्या आधारे? वर्णनाच्या, नाहीतर कल्पनेच्या. व्यापाऱ्यांनी सांगितलेली ठिकाणेही नेहमी खरी नसत. जिताडा जपानचा म्हणून नोंदला गेला तो असाच. तरीही पुढच्या अभ्यासकांना या चुका सुधारता आल्या, कारण ब्लॉखने मासे जपून ठेवले होते. 1799 साली तो वारला. त्याच्या संग्रहातील शेकडो मासे बर्लिनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आजही आहेत.

ग्रंथाचे भाग्य मात्र सर्वत्र तसे नाही. कित्येक प्रतींची पाने सोडवून चित्रे सुटी विकली गेली. चौकटीत बसविलेला मासा भिंतीवर शोभतो, पण तो कोणता, कोणी पाठविला, त्याविषयी काय लिहिले होते, हे सांगणारे पान त्याच्याजवळ उरत नाही.

वाचकहो, असे जुने चित्र कधी दृष्टीस पडले तर क्षणभर थांबा. त्यामागे अनाम रंगाऱ्यांचे कष्ट आहेत, किनाऱ्यावर जाळे ओढणारे कोळी आहेत, आणि शिकण्यास उशीर झाला म्हणून हातावर हात धरून न बसलेला एक माणूस आहे. इल्म वय विचारीत नाही. ते तळमळ विचारते.