अँड्रॉइड फोन आणि स्वामित्वाचा प्रश्न

ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत विक्रीस आलेल्या ‘टी-मोबाइल जी १’ या पहिल्या अँड्रॉइड फोनची प्रणाली बव्हंशी मुक्त परवान्याची होती. परंतु तीत फेरफार करण्याचा ‘रूट’ हा सर्वाधिकार ग्राहकास नव्हता. नोव्हेंबरात एक दोष उघडकीस आला : कळफलकावर टंकलेले शब्द यंत्र त्याच सर्वाधिकाराने आज्ञा म्हणूनही पाळी. गूगलने तो दुरुस्त केला. तथापि जुनी आवृत्ती पुन्हा बसवून लोकांनी ती वाट खुली ठेवली. पुढे स्टीव्ह कॉन्डिक यांची ‘सायनोजेनमॉड’ ही सुधारित प्रणाली लोकप्रिय झाली. सप्टेंबर २००९ मध्ये गूगलने घेतलेली हरकत मुक्त संहितेस नव्हे, तर सोबत वाटलेल्या गूगलच्या खाजगी ॲप्सना होती. ती वगळल्यावर काम चालू राहिले. तात्पर्य, संहिता मुक्त असणे व यंत्र मुक्त असणे या भिन्न गोष्टी होत.