स्वहस्ते केलेले मोर्तब

मराठेशाहीतील सरकारी पत्राच्या अखेरीस मोर्तब उमटवीत, ते मजकूर तेथेच संपला, पुढे कोणी काही वाढवू नये म्हणून. संगणकावरील प्रमाणपत्राची सहीही अशीच साऱ्या मजकुराला बांधलेली असते. एक अक्षर पालटले की ती खोटी ठरते.

१९७६ साली डिफी व हेलमन यांनी एक किल्ली जगजाहीर आणि दुसरी गुप्त अशी कूटपद्धती मांडली, तेव्हा जाहीर किल्ल्यांची एक सार्वजनिक वही असावी अशी त्यांची कल्पना होती; परंतु दरवेळी त्या वहीकडे धाव घेण्यापेक्षा, नाव आणि किल्ली एकत्र लिहून, त्यावर विश्वासू अधिकाऱ्याची सही घेऊन, तो दाखला मालकाच्याच स्वाधीन करावा, ही तोड १९७८ साली लोरेन कोनफेल्डर या एमआयटीतील विद्यार्थ्याने पदवीच्या प्रबंधात सुचविली. १९८८ च्या एक्स.५०९ मानकाने दाखल्याचा नमुना ठरविला.

मात्र अधिकाऱ्याच्या सहीची शहानिशा त्याच्या वरच्याने करावयाची, त्या वरच्याची आणखी वरच्याने, आणि ही परंपरा जेथे थांबते तेथील मूळ प्रमाणपत्रावर सही असते ती त्याची स्वतःचीच! म्हणून स्वयंस्वाक्षरित प्रमाणपत्राला कमअस्सल म्हणणे मला अन्यायाचे वाटते. मोठ्या संस्थांच्या मूळ सनदांची ओळख ब्राउझरच्या कर्त्यांनी आधीच करून दिलेली असते, एवढाच काय तो भेद.

अशी स्वयंस्वाक्षरित सनद घरबसल्या करण्याचे साधन आले ऑस्ट्रेलियातून. बलवान कूटलेखन देशाबाहेर नेण्यास अमेरिकेचे निर्यात-कायदे मनाई करीत आणि परदेशी ब्राउझरांच्या वाट्यास ४० बिटांची दुबळी किल्ली येई, त्या काळात, १९९५ च्या सुमारास, एरिक यंग आणि टिम हडसन यांनी एसएसएलईएवाय रचले. १९९८ च्या अखेरीस त्यातूनच ओपनएसएसएल निघाले. आजही 'ओपनएसएसएल रेक -एक्स५०९' ही आज्ञा दिली की मूळसंख्यांच्या शोधाची टिंबे आणि अधिकचिन्हे पडद्यावर सरकू लागतात, मग देश, प्रांत, संस्था, नाव असे प्रश्न येतात, आणि देशाच्या प्रश्नापुढे चौकटी कंसात आयती उभी असतात 'एयू', म्हणजे ऑस्ट्रेलियाची दोन अक्षरे. कर्त्यांचे गाव असे दस्तऐवजात राहून गेले आहे, याचे मला फार अप्रूप वाटते.

सनदेची मुदत न सांगितल्यास ती ३० दिवसांची धरली जाते. सनद तयार झाली की मी तिचा ठसा (फिंगरप्रिंट) काढतो आणि ज्याने ती मान्य करावयाची त्या सहकाऱ्याला दूरध्वनीवर दोन-दोन अक्षरांनी वाचून दाखवितो. तो पलीकडे आपल्या पडद्यावर बोट ठेवून 'हं, पुढे' म्हणत जातो.