बगळ्याचीं पिसें आणि प्रकाशाचा हिशेब

सिंदफणेवरील माजलगांवचें धरण १९८७ सालीं पुरें झालें आणि कापूस-ज्वारीच्या या मुलखांत पाणपक्ष्यांस विस्तीर्ण जलाशय लाभला. काठच्या काळ्या चिखलांत भर दुपारीं उभ्या असलेल्या बगळ्याचें छायाचित्र घ्यावें, तर पुष्कळदां पिसें नाहींशीं होऊन पांढऱ्या कागदाचा कपटा तेवढा उरतो. विणीच्या काळांत त्याच्या पाठीवर येणाऱ्या ज्या नाजूक तुऱ्यांच्या लोभानें बगळ्यांची कत्तल झाली, आणि १९०२ सालीं हिंदुस्थानांतून ज्यांची निर्यात बंद करावी लागली, ते तुरेच चित्रांतून गळावेत हें चमत्कारिक खरें. याचा दोष लोक उन्हास देतात. आम्हांस तो यंत्राच्या हिशेबांत दिसतो.

मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं स्थापन झाली. पुढें, बीड जिल्हा १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानांत होता, तेथें लाला दीनदयाळ निजामाचे छायाचित्रकार झाले. त्या काळच्या प्लेटांची अडचण निराळीच होती. त्यांस मुख्यतः निळा प्रकाश कळे. त्यामुळें निळें आकाश पांढरेंफटक उमटे आणि त्यांत उडणारा बगळा असून नसल्यासारखा होई. फोगेल या जर्मन रसायनज्ञानें १८७३ सालीं रंगद्रव्यें मिसळून प्लेटेस इतर रंगांची जाण दिली. १९०६ च्या सुमारास सर्व रंग जाणणाऱ्या प्लेटा बाजारांत आल्या. भिंगापुढें पिवळी कांच धरतांच आकाश काळवंडलें आणि पक्षी त्यापासून सुटा झाला.

सलीम अली यांनीं १९३१ सालीं हैदराबाद संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी आरंभिली, ती बंदुकीनें नमुने मिळवून. पुढच्याच वर्षीं अमेरिकेंतील वेस्टन कंपनीनें विजेवर चालणारा प्रकाशमापक विक्रीस आणला. येथून नव्या घोटाळ्यास आरंभ झाला. मापकास बगळा कळत नाहीं; समोरून परतणारा सगळा प्रकाश एका मध्यम करड्या वस्तूचा आहे असें तो धरून चालतो. चौकट बगळ्यानेंच भरली, तर तो प्रकाश कमी करून त्यास राखी बनवितो. उलट लहानसा बगळा आणि भोंवतीं काळा चिखल असला, कीं चिखल उजळण्याच्या नादांत पिसें जाळतो. माजलगांवास बहुधा हेंच घडतें.

हर्टर व ड्रिफील्ड यांनीं १८९० सालीं दाखविल्याप्रमाणें निगेटिव्हचा काळेपणा अतिप्रकाशांत हळूहळू मंदावतो. म्हणून फिल्ममध्यें थोडी चूक पचे. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यांत ती सवलत नाहीं. प्रकाशपेशी एकदां भरली, कीं पुढचा सारा तपशील गेला. अंधारा भाग मागाहून उजळतां येतो, जळलेलें पीस परत येत नाहीं.

तेव्हां पक्ष्यावर पडणारें ऊन मोजावें, त्याच्यापासून परतणारें नव्हे. जुना आडाखा असा: निरभ्र उन्हांत छिद्र १६ ठेवावें आणि फिल्मच्या वेगाइतक्या अंशाचा सेकंद द्यावा. वेग ४०० असतां छिद्र ८ ला १/१६०० सेकंद होतो. बगळ्यासाठीं निम्मा, म्हणजे १/३२००. हे आंकडे हातानें कायम करावेत. बगळा चिखलावरून उडून आकाशांत गेला, तरी त्याच्यावरचें ऊन तेंच असतें. ढग आला, तरच आंकडे बदलावेत.